पंचेचाळीसचं गाणं तेहेतीसवर

दारावर कुणीतरी खांदा मारला, तेव्हा माझा माईक चालू होता आणि मी नेमकं नको ते बोलत होते.

"हा आवाज ज्याचा कुणाचा असेल," मी सांगत होते, "त्यानं मला नुसतं बसचं वेळापत्रक वाचून दाखवलं, तरी मी शेवटच्या थांब्यापर्यंत ऐकत बसेन."

मग गाणं सुरू केलं, माईक बंद केला आणि वळून पाहिलं. आमच्या रेडिओच्या त्या दाराला खांदाच मारावा लागतो. नव्या माणसाला ते कळेपर्यंत तो पाच-सहा वेळा मूठ फिरवतो. हा मात्र पहिल्या धडकेत आत आला होता. अंगात बसचालकाचा निळा कोट. केसांत गारा... डनीडनच्या जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, कुणाच्याही केसांत असतात तशाच. पण याच्या केसांत त्या शोभत होत्या, आणि हे माझ्या लक्षात आलं याचाच मला राग आला.

त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"वेळापत्रक," तो म्हणाला. "पोर्टोबेलोची बस. शनिवारच्या वेळा मागच्या बाजूला आहेत."

माझे कान तापले. "तुम्ही... ऐकत होता?"

"अख्खी बस ऐकत होती. खाली वळणावर उभी केलीय. नऊ मिनिटं आहेत माझ्याकडे." त्यानं भिंतीवरच्या स्पीकरकडे हनुवटीनं खूण केली. "ते गाणं आमचं आहे."

"आमचं म्हणजे?"

"कागदी खंड्या. मी त्यातलाच. एरुएरा. सगळे एरू म्हणतात."

कागदी खंड्या... त्या बँडचं नाव मी गेले तीन गुरुवार माईकवर घेत होते, आणि तो बँड कुणाचा हे शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तबकडी मला सापडली ती जुन्या सामानाच्या दुकानात, विणकामाच्या पुस्तकांखाली. राखाडी पुठ्ठ्यावर बटाट्याच्या ठशानं उमटवलेला निळा खंड्या. अल्बमचं नाव 'भरतीच्या आधी'. मागे सहा गाण्यांची नावं, बाकी काही नाही... ना माणसं, ना साल. मधली गोल चकती कोरी. आणि पहिलंच गाणं 'कोरडे मोजे'. पुरुषाचा आवाज, इतका खोल, इतका सावकाश, की जणू समुद्राच्या तळाशी बसून कुणी घरी निरोप धाडावा —

बाहेर गारा, वाटेत मी,
कोरडे मोजे ठेव माझ्यासाठी.
दिवे लागले, चढावर मी,
दाराची कडी काढ माझ्यासाठी.

यातले मोजे म्हणजे मोजे नव्हेतच, असं मी श्रोत्यांना समजावलं होतं. ही बुडालेल्या खलाशाची शेवटची इच्छा आहे, असंही सांगितलं होतं.

एरूनं तबकडीचं कव्हर उचललं. त्यावर चिकटवलेली पांढरी चिठ्ठी वाचू लागला. आमच्याकडे प्रत्येक तबकडीला अशी चिठ्ठी असते. जो पहिल्यांदा ऐकेल त्यानं लिहायचं, काय वाजवावं, काय टाळावं, आणि खाली सही. नंतर ऐकणारे त्याखाली लिहून भांडतात. या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं : 'पहिलं गाणं वाजवा. नंतर पाच मिनिटं काही वाजवू नका. — आइल्सा.'

"या चिठ्ठ्या तुम्हीच लिहिता?"

"पॉपच्या सगळ्या मीच. सात वर्षं झाली."

"सात," तो म्हणाला. आणि हसला. ते हसू जरा तिरकं होतं. मला वाटलं, लाजतोय.

"म्हणजे हा आवाज..."

"गाणं मी लिहिलंय." त्यानं कव्हर खाली ठेवलं. "मोज्यांबद्दल तुम्ही जे काही सांगितलंत ना, ते ऐकून मला गाडी कडेला घ्यावी लागली होती."

"रडू आलं?"

"तसंच काहीसं," तो म्हणाला, आणि नऊ मिनिटांतली चार शिल्लक असताना निघून गेला.

वेळापत्रक तिथंच राहिलं.

पुढच्या गुरुवारी तीन वाजल्यापासून मी दाराकडे बघत होते. तो येणार नाही, मी म्हटलं. का यावा? तीन वीसला दाराला खांदा बसला, आणि मी उगाच टेबलावरचे कागद आवरायला लागले.

"याच वाटेनं जात होतो," तो म्हणाला.

"तुमची बस रोज याच वाटेनं जाते."

"म्हणून तर म्हटलं."

त्यानं एक कॅसेट पुढं केली. ओमारूच्या तीन बहिणींचा बँड, लोकर कातरायच्या शेडमध्ये ध्वनिमुद्रण, मध्येच एक मेंढी खोकते. मी त्याला नेल्सनच्या एका जोडप्याचा अल्बम दिला. त्यांनी तो पावसात अडकलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये केला होता. चौथ्या गाण्यात किटली शिटी देते आणि ती सुरात आहे. तेव्हापासून हेच ठरून गेलं. तू एक दे, मी एक देते. तुम्हीचं तू कधी झालं, ते मला सांगता येणार नाही.

आपल्याला आवडलेलं गाणं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, याइतकी जिवाला घोर लावणारी गोष्ट नाही. तो ऐकतो, आपण त्याच्या भुवया वाचतो. तो खिडकीबाहेर बघतो, आपल्याला वाटतं, संपलं. श्रोत्यांची मला सवय होती. ते दिसत नाहीत. एरू दिसायचा. आठवडाभर एकच धास्ती, किटली आवडली असेल ना त्याला? आणि नसेल आवडली, तर मी कोण?

"किटली छान आहे," पुढच्या खेपेला तो म्हणाला. "बाई जरा कमी छान."

"बाईचा आवाज नीट ऐकलास का?"

"तू नीट ऐकतेस का नेहमी?"

विचारताना त्याचा सूर हलका होता, पण डोळे नव्हते. मग लगेच त्यानं कोटाच्या आतून कागदात गुंडाळलेले गरम चीज रोल काढले, लोणी मनगटापर्यंत ओघळलेलं, आणि मी तो प्रश्न विसरले. विसरायचाच होता मला.

"एकदा म्हणून दाखव ना," मी म्हणाले. "दोनच ओळी. माईक बंद आहे."

"घसा बसलाय."

"गेल्या गुरुवारीही बसला होता."

"दमट हवा आहे आपल्याकडे," तो म्हणाला, आणि चीज रोल खाताना त्याचे कान लाल झाले.

ऑगस्ट सरत आला. आमच्या रेडिओची एक रीत आहे : हिवाळा संपताना, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी, बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये श्रोत्यांचा मेळा भरतो. चहा असतो, कुत्री असतात, आणि श्रोत्यांनी पोस्टकार्डांवर ज्याला सगळ्यात जास्त मतं दिली तो बँड वाजवतो. त्या वर्षी पोस्टकार्डांची चळत आली आणि चारांतली तीन कार्डं एकाच नावाची होती. सहाव्या गुरुवारी एरू समोर बसलेला असतानाच मी माईकवर सांगून टाकलं — आजपासून नऊ दिवसांनी, शनिवारी, कागदी खंड्या, तो आवाज, समोरासमोर.

माईक बंद करून वळले, तर त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला.

"मला आधी विचारायचं होतंस."

"मला वाटलं... तुला आवडेल."

"आवडण्याचा प्रश्न नाही, आइल्सा." तो उठला, टोपी विसरला, परत आला, टोपी घेतली. "तुला काहीतरी सांगायचं होतं. बऱ्याच दिवसांपासून. पुढच्या गुरुवारी सांगतो."

लग्न झालंय त्याचं, मी म्हटलं. दुसरं काय असणार? दोन रात्री मला झोप लागली नाही, आणि तिसऱ्या रात्री लागली तेव्हा स्वप्नात मी त्याच्या बायकोला किटलीचं गाणं ऐकवत होते.

मंगळवारी मेळ्यासाठी गाण्याची नक्कल करून ठेवावी म्हणून मी स्टुडिओत गेले. विनी परत आली होती. विनी म्हणजे आमची यंत्रं सांभाळणारी बाई, वय अडुसष्ट. खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे तीन महिने परगावी होती. तिनं काठी टेकत आत पाऊल टाकलं आणि गाणं ऐकून थांबली.

"कोण आजारी आहे?"

"कागदी खंड्या. तू नव्हतीस तेव्हा सापडलं. सगळं शहर वेडं झालंय."

विनीनं चष्मा नाकावर ओढला आणि फिरत्या तबकडीवर वाकली. "पोरी," ती म्हणाली, "बारा इंची दिसली म्हणून तेहेतीसवर लावलीस होय?"

आणि मिनिटाला किती फेऱ्या ते ठरवणारा वेगाचा खटका तिनं तेहेतीसवरून पंचेचाळीसवर केला.

काय झालं ते कसं सांगू? समुद्राच्या तळाचा माणूस एका झटक्यात पाण्याबाहेर आला, आणि तो माणूस नव्हताच. ती एक मुलगी होती. बारीक, उंच, उड्या मारणारा आवाज. ढोलकं टपटपत होतं, गिटार हसत होती, आणि ती मुलगी दम लागेस्तोवर धावत सांगत होती, की तिला मोजे हवेत. कोरडे. पायांत घालायचे.

"आता बरी वाटतेय," विनी म्हणाली.

शहरभर सांगून बसले होते मी. बुडालेला खलाशी... पण त्याहून वाईट पुढे होतं. हा आवाज मी ओळखत होते. कधीतरी, कुठंतरी, ऐकला होता. मी कपाटांकडे गेले. सहा वर्षांपूर्वीचा कप्पा, सात इंची तबकड्या. अर्धा तास लागला. बँडचं नाव वेगळं होतं, 'पोपटी छत्री'. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात : 'आवाज — मेरेआना. बाकी सगळं — तिचा भाऊ एरुएरा.' आणि पुढे पांढरी चिठ्ठी. माझं अक्षर. माझी सही.

'पत्र्यावर चिमणी नाचतेय. कानाला त्रास. वाजवू नका.'

त्याखाली कुणीच भांडलं नव्हतं. मुळात त्यानंतर ती कुणी काढलीच नव्हती.

गुरुवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. बुधवारी दुपारी मी पोर्टोबेलोच्या बसमध्ये चढले. एरूनं मला पाहिलं; त्याचा चेहरा उजळला, मग माझा चेहरा पाहून विझला. मी त्याच्या मागच्याच बाकावर बसले. चालत्या बसच्या चालकाशी असलं काही बोलता येत नाही. पाऊण तास खाडीच्या काठाकाठानं बस वळणं घेत राहिली, आणि मी त्याच्या मानेकडे बघत राहिले. त्या मानेवर कधी हात ठेवायला मिळणार नाही, एवढं एकच डोक्यात.

"तुम्हीच ना त्या रेडिओवाल्या?" शेजारच्या पेटिग्रूबाईंनी विचारलं. रोजच्या प्रवासी. "शनिवारी मी बहिणीला घेऊन येणार आहे. त्या खलाशासाठी."

मी मान हलवली.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. समोर पाणी, धक्क्यावर बगळे पाय मुडपून उभे. परत फिरायला सात मिनिटं होती.

"पंचेचाळीसवर लावायची असते," मी म्हणाले.

तो थबकला. "कुणी सांगितलं?"

"विनीनं. तुला सहा गुरुवार मिळाले होते."

"माझ्या बहिणीला तू बुडालेला खलाशी केलंस, आइल्सा. तुला मी सांगू तरी कसं?"

मला हसू आलं असतं, आणि त्यामुळे मी जास्तच चिडले. "दुसरीही तबकडी सापडली," मी म्हणाले. "चिठ्ठीसकट."

आता तो हसत नव्हता. पाण्याकडे वळला.

"आम्ही आलो होतो तेव्हा विचारायला, गाणं का लागत नाही म्हणून. मेरेआना बावीसची होती. नवा फ्रॉक घातला होता. तू नव्हतीस. कुणीतरी कपाट दाखवलं. तिनं चिठ्ठी वाचली, तबकडी जागच्या जागी ठेवली, आणि मला म्हणाली, चल, चहा पिऊ या. त्यानंतर ती गायली नाही. 'भरतीच्या आधी' छापून आली होती, घरात खोकी पडून होती. एकही बाहेर काढू दिली नाही. तुला मिळाली ती आईनं घर आवरताना गेली असणार."

"म्हणजे पहिल्या दिवशी तू..."

"भांडायला आलो होतो. नऊ मिनिटांत बसेल एवढं भांडण पाठ करून." तो बगळ्यांकडे बघत बोलत होता. "काचेतून तू दिसलीस. डोळे मिटून बोलत होतीस. माणूस इतका चुकत असताना इतका सुंदर दिसेल, हे मी गृहीत धरलं नव्हतं."

"आणि मग गंमत बघत बसलास."

"पहिला गुरुवार सुडाचा होता, कबूल. दुसराही थोडासा."

"तिसरा?"

"तिसऱ्याला मी चीज रोल आणले होते."

वारा दक्षिणेचा होता, डोळ्यांत पाणी आणणारा; निदान मी तसं समजून घेतलं. "मी त्या आवाजावर जीव टाकला होता, एरू. तो माणूसच जगात नाही."

"नाही," तो म्हणाला. "मी आहे फक्त."

दोन प्रवासी बसशी येऊन उभे राहिले. त्यानं घड्याळ पाहिलं.

"शनिवार रद्द करू?" मी विचारलं.

"मेरेआनाला मी अजून काही सांगितलेलं नाही. जाहीर तू केलंस. काय करायचं ते तू ठरव. शिफारस तुझी आहे."

भांडून ताडताड निघून जावं असा तो क्षण होता. पण पोर्टोबेलोहून परत यायला एकच बस असते. मी गुपचूप चढले, तोच बाक, तीच मान, पाऊण तास. आरशात एकदा आमची नजर भेटली. आधी मी काढली की त्यानं, कोण जाणे.

गुरुवारी तीन वाजता मी माईक चालू केला तेव्हा माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. खरं सांगितलं की श्रोते जातील, हे कळत होतं. सात वर्षांत कमावलेलं एवढंच होतं माझ्याकडे : लोक माझ्या कानावर विसंबून ऐकायचे. आणि एरू... तो तर बहुधा गेलाच होता.

"सहा आठवडे, आणि त्याआधीचे तीन," मी म्हणाले, "मी तुम्हाला एक गाणं चुकीच्या वेगानं ऐकवलं. खलाशी नाही. कुणी बुडालेलं नाही. आवाज एका मुलीचा आहे, तिचं नाव मेरेआना. मोजे म्हणजे मोजेच." मग मी दुसरी तबकडी हातात घेतली आणि सहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी वाचून दाखवली. शब्द न् शब्द. सहीसकट. "हे मी एकदाच ऐकून लिहिलं होतं. त्या दिवशी माझ्यापुढं चाळीस तबकड्या होत्या. हे कारण नाही. मी नीट ऐकलं नाही, आणि एक गळा बंद झाला. मेरेआना, मला माफ कर."

खटका पंचेचाळीसवर केला. सुई ठेवली.

तीन मिनिटांचं गाणं. तेहेतीसवर ते चार मिनिटांच्या वर चालायचं. संपलं. फोन वाजला नाही. मी दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. तीन वीस झाले. दाराला खांदा बसला नाही. तीन पस्तीस. मी दारावरची नजर काढून जमिनीवर ठेवली, तर ती पुन्हा दारावर. सगळ्या शहरानं रेडिओ बंद केलाय, असं वाटण्याइतकी शांतता...

तीन पन्नासला फोन वाजला.

"बुडालेला खलाशी बोलतोय," एक बारीक आवाज म्हणाला.

"तुम्ही... ऐकलंत?"

"एरूनं बस थांब्यावर उभी केली आणि फोन रेडिओला लावून धरला. मी इकडे इन्व्हरकार्गिलला, शाळेच्या कोठीत, खडूच्या खोक्यावर बसून. तो अजून तिथंच उभा आहे. कुणी पेटिग्रूबाई म्हणतायत, उशीर झाला तरी चालेल, पण पुढे काय होतं ते कळल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"मेरेआना, मला तुमची..."

"माफी ऐकली. दोनदा नको. सहा वर्षं मी तुमच्यावर राग धरला होता. छान राग होता, नीट घडी घालून ठेवलेला. तुम्ही तो चुरगाळून टाकलात." पुढचं ती हळू बोलली. "एक सांगा. बरोबर वेगावर आवडलं का? दया नको."

हो म्हणणं किती सोपं होतं. जीभ त्या शब्दापर्यंत गेलीही.

"अजून माहीत नाही," मी म्हणाले. "दोनदाच ऐकलंय. एकदा दचकून, एकदा आत्ता... घाबरून. समोर ऐकायला मिळालं तर सांगू शकेन."

पलीकडे शाळेची घंटा झाली. पोरांचा गलका आला आणि गेला.

"बरं," ती म्हणाली. "हे खरं वाटलं. शनिवारी येते. आणि माझ्या भावाला काही झालं तरी गायला सांगू नका. तो बसचा भोंगासुद्धा बेसूर वाजवतो."

शनिवारी हॉल भरला होता. सगळे आले होते असं नाही. काहीजण मुद्दाम आले नव्हते, आणि एकानं तसं पोस्टकार्डानं कळवलंही होतं. मी मेरेआनाची ओळख करून दिली, चिठ्ठीचं पुन्हा सांगितलं, आणि पहिल्या रांगेत, पेटिग्रूबाई आणि त्यांच्या बहिणीच्या मध्ये जाऊन बसले. एरू गिटार घेऊन तिच्या मागे उभा होता. बुधवारपासून आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मेरेआना माईकपाशी आली, ओठ कोरडे, एका हातानं दुसरा हात धरून ठेवलेला. सहा वर्षं. आणि मी समोर.

पहिली ओळ तिची चुकली. थांबली. "पुन्हा घेते," म्हणाली. एका कुत्र्यानं जांभई दिली, लोक हसले, तीही हसली. आणि मग सुरू झाली.

बाहेर गारा, वाटेत मी...

या खेपेला मी दचकले नव्हते. घाबरलेलीही नव्हते, किंवा होते पण ते विसरले. मी ऐकत होते. तो आवाज पत्र्यावर नाचतच होता. ते काही मी चुकीचं लिहिलं नव्हतं. पण मी चिमणी ऐकली होती, आणि गारा ऐकल्याच नव्हत्या. गारांच्या मारात, चढावरून, धापा टाकत कुणीतरी धावतंय, भिजलंय, भ्यालंय, आणि तरी हसतंय. कारण वर खिडकीत दिवा आहे आणि दाराची कडी निघणार याची त्याला खात्री आहे. बुडणारं कुणी नव्हतंच. कुणीतरी घरी पोचत होतं.

माझे गाल ओले झाले. पेटिग्रूबाईंनी न बघता रुमाल सरकवला. "खलाशाहून बरी आहे," त्या म्हणाल्या.

गाणी संपल्यावर मेरेआनाभोवती माणसं जमली. मी मागच्या अंगणात गेले. एरू ओल्या गवतावर उकिडवा बसून वायरींची वेटोळी करत होता.

"तिला सांगितलंस?" त्यानं वर न बघता विचारलं.

"हो. गर्दी ओलांडून ओरडून सांगितलं. आवडलं म्हणून. ती म्हणाली, ऐकू आलं नाही, परत सांगा. चार वेळा सांगायला लावलं."

"तिला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं असणार."

"हो. मलाही तसंच वाटलं."

हातांचं काय करावं ते मला कळेना. बुधवारी धक्क्यावर जे बोलले होते, ते त्याच्या खांद्यांवर बसलेलं मला दिसत होतं.

"एरू, मला जे आवडतं ना, ते मला जवळ ठेवता येत नाही. ऐकलं की लगेच कुणाला तरी सांगावंसं वाटतं. सात वर्षं तेच करतेय. पण तुझ्याबद्दल..." तो वेटोळं धरून थांबला. "विनीनं खोदून खोदून विचारलं, मी काही बोलले नाही. तुझ्याबद्दल मला कुणालाच काही सांगावंसं वाटत नाही."

"हे चांगलं की वाईट?"

"तू दुसऱ्या कुणाला सापडू नयेस, असं वाटतं."

वायर त्याच्या हातातून सुटली आणि सगळी वेटोळी उलगडून गवतावर पसरली. तो उठला.

"मला आवाज नाही, आइल्सा."

"माहीत आहे."

"तो जो तळातला माणूस होता, तसा मी..."

"तो गेला. मला त्याच्याशी बोलता तरी कुठं येत होतं? तुझ्याशी येतं."

मी त्याचा हात धरला; तो गार होता, रबराचा वास येणारा, आणि त्यानं तो काढून घेतला नाही. ते कळल्यावर मला थोडं बरं वाटलं.

"अहो," मेरेआनानं दारातून हाक मारली, "हे मोठं खोकं आपल्या पायांनी गाडीपर्यंत येणार आहे का?"

खोकं म्हणजे त्यांचा जुना स्पीकर, दोन माणसांचा. एका बाजूची मूठ त्यानं धरली, दुसरी मी. दार अरुंद, पुढे तीन पायऱ्या, पायऱ्यांवर शेवाळ. कुणा एकाला पाठमोरं चालावं लागणार होतं. तो पाठमोरा झाला.

"मागे बघून चाल," मी म्हणाले.

"कशाला? तू सांग ना."

"चुकले तर?"

"चुकशीलच एखाद्या वेळी." त्यानं खोकं उचललं.

"डावीकडे," मी म्हणाले. "जरासं. आता पायरी. अजून एक." तो माझ्याकडे बघत एकेक पाऊल मागे टाकत होता, आणि माझा जीव त्याच्या टाचांत होता.